रागाचा पत्ता

मराठी पुस्तक-परीक्षणांत 'संयत' हे विशेषण जितक्या सहजपणे आणि जितक्या आदराने वापरले जाते, तितके दुसरे क्वचितच वापरले जात असेल. लेखकाने, विशेषतः एखाद्या स्त्रीने किंवा दलित लेखकाने, आपल्या वाट्याला आलेल्या अन्यायाबद्दल लिहिले असेल तर परीक्षणाच्या शेवटच्या परिच्छेदात हे प्रशस्तिपत्र हमखास येते: लेखन संयत आहे, कुठेही कटुता नाही, आक्रस्ताळेपणा नाही. ज्या पुस्तकात राग उघड दिसतो ते 'एकसुरी' ठरते, नाही तर 'प्रचारकी'. या विशेषणाबद्दल माझी एक अडचण आहे. ते रागाचा फक्त आवाज मोजते. राग खरा आहे का, तो कोणावर आहे, लेखकाने त्याचे पुढे काय केले, यांपैकी कशाचेच उत्तर आवाजावरून मिळत नाही.

रागाविषयी आज जो सल्ला सगळीकडे ऐकू येतो, तोही साधारण आवाजाविषयीचाच आहे. दहापर्यंत आकडे मोजा, खोल श्वास घ्या, जागा बदला, फेरफटका मारून या, शांत झाल्यावर बोला. हा सल्ला वाईट नाही. रागाच्या भरात हात उगारला जाऊ नये, तोंडून भलतेसलते जाऊ नये, एवढे काम तो नीट करतो. पण तो पहिल्या दहा मिनिटांचा सल्ला आहे. दहा वर्षे टिकलेल्या, आईकडून मुलीकडे आलेल्या, एखाद्या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या साठलेल्या रागाचे काय करायचे, हे त्यात बसत नाही. साहित्याचा संबंध मुख्यतः या दुसऱ्या रागाशी येतो. त्याची निकोप हाताळणी मराठीत कोणी कशी केली, आणि ती कुठे फसली, हे काही जुन्या-नव्या लेखनाच्या आधाराने पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शब्दापासूनच सुरुवात करू. 'राग' हा संस्कृतात रंग, ओढ, आसक्ती अशा अर्थांचा शब्द. हिंदीत आजही 'राग' म्हटले की संगीत आठवते, नाही तर अनुराग. रागावण्यासाठी तिथे 'गुस्सा' आहे, 'क्रोध' आहे. मराठी, बंगाली आणि ओडिया या भाषांत मात्र हाच शब्द रागावण्याला जोडला गेला. ओढीचा शब्द रागाला लागावा, यात काही तरी खरे आहे. ज्याच्याशी आपले काहीच देणेघेणे नाही, त्याचा आपल्याला फारसा राग येत नाही. बंगालीत 'अभिमान' म्हणजे जवळच्या माणसाने दुखावल्यावर येणारा, मायेच्या हक्काचा राग. मराठीत 'अभिमान' म्हणजे वेगळेच काही, आणि बंगाली अभिमानाच्या जवळ जाणारा आपला शब्द 'रुसवा'. शिवाय संताप आहे, चीड आहे, त्रागा आहे. चीड बहुधा अन्याय पाहून येते; त्रागा माणूस स्वतःचाच करून घेतो. इंग्रजी अनुवादात हे सगळे एकाच शब्दाच्या पोटात जातात, आणि मग मराठी दलित आत्मकथन किंवा स्त्रियांचे लेखन इंग्रजीतून वाचणाऱ्याला ते सतत एकाच पट्टीत रागावलेले वाटू लागते.

क्रियापदेही पाहण्यासारखी आहेत. राग 'येतो', म्हणजे तो पाहुण्यासारखा आपणहून येतो. मग तो गिळता येतो, धरता येतो, आवरता येतो आणि काढता येतो. यांतले 'काढणे' नेहमी कोणावर तरी असते, आणि ज्याच्यावर राग काढला जातो तो बहुतेक वेळा रागाचे कारण नसतो. साहेबावरचा राग बायकोवर निघतो, सासूवरचा भांड्यांवर. 'वड्याचे तेल वांग्यावर' ही म्हण नेमकी यासाठीच आहे. म्हणजे राग गिळू नये, मोकळा करावा, एवढे सांगून भागत नाही हे आपल्या बोलण्यातच नमूद आहे. मोकळा केलेला राग जातो कुठे, त्याचा पत्ता बरोबर आहे का, हा पुढचा प्रश्न उरतोच. माझ्या मते रागावलेल्या लेखनाची पारख करताना हाच प्रश्न आधी विचारायला हवा.

मराठी परंपरेत या प्रश्नाचा सर्वांत जुना आणि सर्वांत कोवळा नमुना म्हणजे मुक्ताबाईंच्या नावावरचे ताटीचे अभंग. त्यांची संख्या आणि क्रम यांबद्दल अभ्यासकांत एकमत नसले, तरी वारकरी परंपरेने ते मनापासून आपले मानले आहेत. प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. लोकांच्या वागण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर झोपडीत जाऊन ताटी, म्हणजे काटक्याकुडाचे दार, लावून बसतात. धाकटी बहीण बाहेर उभी राहून त्यांना दार उघडायला विनवते. या भावंडांचा अपमान काही किरकोळ नव्हता. संन्यास सोडून संसारात परतलेल्या माणसाची ही मुले. आळंदीने त्यांना वाळीत टाकले होते, आणि परंपरा सांगते की आईवडिलांनी प्रायश्चित्त म्हणून देहत्याग केला. राग येण्याचे कारण खरे होते.

मुक्ताबाई काय करतात ते पाहा. अपमान झालाच नाही, तू उगाच मनाला लावून घेतोस, असे त्या म्हणत नाहीत. शब्द शस्त्रासारखे लागतात हे त्या मान्य करतात. त्यानंतरच त्या युक्तिवादाला लागतात. जग आगीसारखे पेटले तर संताने पाण्याचे काम करावे. आपल्याच दातांखाली आपली जीभ सापडली म्हणून कोणी दात पाडून टाकत नाही. आपलाच हात आपल्याला लागला, तर त्या हाताचे काय करायचे? या दाखल्यांचा रोख एकच आहे: ज्यांनी तुला दुखावले ते परके नाहीत. युक्तिवादाला मध्येच लाडिकपणाची जोड मिळते. थोरल्या भावाला उपदेश करता करता आपण धाकटे आहोत, हे त्या विसरू देत नाहीत. उपदेश आणि हट्ट यांची ही सरमिसळच या अभंगांना वाचवते. केवळ उपदेश असता तर दार बहुधा आणखी घट्ट लागले असते.

या अभंगांचा वापर पुढे अनेकांनी क्षमेचे पाठ म्हणून केला. शाळेत, प्रवचनांत, घरातल्या भांडणांत. तिथे एक गोष्ट सुटते. 'राग सोड' असे म्हणण्याचा मुक्ताबाईंचा अधिकार कुठून येतो? ज्ञानेश्वरांना लागलेला दगड त्यांनाही लागला आहे. त्याच आईवडिलांची ती लेक, त्याच गावाने वाळीत टाकलेली. आळंदीतल्या एखाद्या धर्ममार्तंडाने ताटीबाहेर उभे राहून हेच दाखले दिले असते तर ते अक्षरशः तेच राहूनही अश्लील वाटले असते. शांत राहण्याचा सल्ला कोण देतो यावर त्या सल्ल्याचा अर्थ ठरतो. 'संयत' हे प्रशस्तिपत्र देणाऱ्या समीक्षकाने आधी आपण ताटीबाहेर नेमके कोण म्हणून उभे आहोत, हे तपासून पाहायला हरकत नाही.

मुक्ताबाईंच्या भावाला निदान दार लावून घेता आले. मराठी घरांतल्या बहुसंख्य स्त्रियांना लावून घ्यायला दारच नव्हते. त्यांच्या रागाला जागा मिळाली ती पहाटेच्या जात्यावर. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या; 'पारी' या संकेतस्थळाने त्या आता अनुवादांसह वाचकांपुढे आणल्या आहेत. या ओव्यांत माहेरची ओढ आहे, भावाचे कौतुक आहे, विठोबा आहे, बाबासाहेब आहेत. आणि राग आहे. तो सरळ नवऱ्याचे किंवा सासूचे नाव घेऊन क्वचितच येतो. तो सीतेच्या गोष्टीतून येतो. वनात धाडलेली सीता हे निमित्त. जात्यावरच्या बाईला जे स्वतःबद्दल म्हणायचे आहे ते ती सीतेबद्दल म्हणते. घर अजून अंथरुणात असते, पण ऐकू सगळ्यांना जाते. बोलायला बंदी असलेल्या गोष्टी गाऊन सांगायला मुभा होती, आणि त्या मुभेचा फायदा स्त्रियांनी पुरेपूर घेतला.

ओव्यांविषयी लिहिताना आपण बहुधा त्या दुःखाच्या होत्या एवढेच लिहितो. दुःख म्हटले की ऐकणाऱ्याला फक्त हळहळावे लागते. राग म्हटले की कोणावर, हे विचारावे लागते. सीतेच्या ओव्यांत रामाला विचारलेले जाब दुःखाचे म्हणून वाचणे सोयीचे आहे. मला ते रागाचे वाटतात. बाईचा हात दगड फिरवतो आहे, दाणे भरडले जात आहेत, श्वास आणि लय एकमेकांना धरून आहेत. शरीराला कामाला लावून राग निवळू द्यावा, असे आज सांगितले जाते. त्या बाईकडे निवड नव्हती. पीठ हवेच होते. पण त्या सक्तीच्या कामातून तिने स्वतःसाठी बोलण्याची जागा काढली, आणि शेजारणीच्या तोंडी ती ओवी गेली की राग एकटीचा राहिला नाही.

ए. के. रामानुजन यांच्या भारतीय लोककथांच्या संग्रहात एक तमिळ गोष्ट आहे. एक विधवा दोन मुलगे आणि दोन सुना यांच्या घरात राहते. चौघेही तिला छळतात. सांगायला कोणी नाही, म्हणून ती सगळे मनात ठेवते आणि दिवसेंदिवस फुगत जाते. त्यावरूनही तिची थट्टा होते. एक दिवस ती गावाबाहेरच्या एका पडक्या घरात जाते आणि एकेका भिंतीला एकेकाची तक्रार सांगते. तक्रारीच्या भाराने भिंती एकेक करून कोसळतात, आणि चौथी भिंत पडते तेव्हा म्हातारी हलकी झालेली असते. गोष्ट फार सुंदर आहे, आणि ओव्या गाणाऱ्या कोणाही बाईला ती पटली असती. पण गोष्टीत एक जागा रिकामी आहे. म्हातारी परत घरी जाते तेव्हा घरातली चार माणसे तशीच असतात. भिंतींना सांगितल्याने सांगणारीचे भले होते. छळणाऱ्यांपर्यंत काही पोचत नाही. ओवीची ताकद आणि ओवीची मर्यादा दोन्ही इथेच आहेत.

ही रिकामी जागा भरण्याचे काम मराठीत एका स्त्रीने १८८२ मध्ये केले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' हे छोटे पुस्तक त्या वर्षी पुण्यात छापले गेले. निमित्त सुरतेच्या खटल्याचे होते. विजयालक्ष्मी नावाच्या एका ब्राह्मण विधवेला अनौरस अर्भकाच्या हत्येबद्दल आधी फाशीची आणि मग काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यावरून पुण्याच्या एका वृत्तपत्राने एकूण स्त्रीजातीच्या चारित्र्यावर लिहिले. ताराबाईंना त्याचा जो राग आला त्यातून हे पुस्तक झाले. त्यांनी आवाज अजिबात खाली ठेवलेला नाही. टोमणे आहेत, घरगुती शिव्याशाप आहेत, देवादिकांच्या कथांची उलटतपासणी आहे, 'तुम्ही' म्हणून पुरुषांना समोर उभे करून घेतलेली झडती आहे. आजच्या परीक्षकाने त्याला संयत म्हटले नसते.

तरीही या पुस्तकाला मी मराठीतल्या अतिशय निकोप रागाचे उदाहरण म्हणतो, आणि त्याचे कारण शीर्षकातच आहे. ताराबाईंनी रागाला 'तुलना' हे रूप दिले. स्त्रियांवर घेतलेला एकेक आरोप त्या उचलतात, कपट, चंचलपणा, अविवेक, आणि प्रत्येकाशी पुरुषांचे वर्तन ताडून पाहतात. बायको मेल्यावर नवरा लगेच दुसरी करतो. नवरा मेल्यावर बाईचे केस जातात आणि मंगल कार्यातली जागाही. दोन पारडी, एकच माप. तुलना करायची म्हणजे रागावलेल्या माणसालाही थोडे थांबून दुसरे पारडे भरावे लागते, उदाहरणे शोधावी लागतात, क्रम लावावा लागतो. राग त्याने कमी होत नाही, पण तो वाटेल त्याच्या अंगावर जात नाही. शिवाय वाचणाऱ्यालाही काही काम मिळते. ताराबाईंशी असहमत व्हायचे तर दोन पारड्यांतला फरक समजावून सांगावा लागतो, आणि ते अवघड आहे.

पुस्तकाचे पुढे काय झाले हेही ध्यानात घ्यावे. सुधारकांच्या वर्तुळातूनही टीका झाली. जोतीराव फुले यांनी 'सत्सार'मधून ताराबाईंची बाजू घेतली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक मात्र आले नाही. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशात आणेपर्यंत मराठी वाचक त्याला जवळजवळ विसरून गेला होता. रोझलिंड ओहॅनलन यांच्या इंग्रजी अनुवादाने ते मराठीबाहेर पोचले. रागाचा पत्ता बरोबर असणे आणि पत्र स्वीकारले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीची जबाबदारी लिहिणाऱ्यावर टाकता येत नाही.

नव्वद वर्षांनी हेच तुलनेचे हत्यार पुन्हा बाहेर आले. १९७२ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित स्त्रियांची विटंबना झाली होती, महाराष्ट्रभर अत्याचारांच्या बातम्या येत होत्या, आणि त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला, स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे होत असताना, 'साधना' साप्ताहिकाच्या विशेषांकात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला. ढाल्यांनी दोन दंड शेजारी ठेवले: दलित स्त्रीची अब्रू घेणाऱ्याला होणारा दंड आणि राष्ट्रध्वजाचा अपमान करणाऱ्याला होणारा दंड. दुसरा मोठा होता. या तुलनेपाठोपाठ त्यांनी ध्वजाविषयी जे शब्द वापरले त्यावरून गदारोळ झाला. चर्चा झाली ती शब्दांची. दोन दंडांतल्या फरकाची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली.

समीक्षेला यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. ढाल्यांचा लेख दोन भागांचा होता: मोजमाप आणि स्फोट. स्फोट टाळला असता तर मोजमाप लोकांनी ऐकले असते का? तसे म्हणणाऱ्यांनी आयोगांचे आणि समित्यांचे शांत भाषेतले अहवाल कोणी किती ऐकले, याचाही हिशेब द्यावा. पण स्फोटामुळे मोजमाप झाकले गेले हेही खरे. रागाने लिहिणाऱ्याची ही अडचण खरी आहे आणि तिच्यावर सोपा उपाय नाही. निदान वाचणाऱ्याने दोन्ही भाग वाचावेत, एवढी अपेक्षा करता येते.

नामदेव ढसाळ यांच्या 'गोलपिठा'बद्दल हेच घडले. तो संग्रहही १९७२ चाच. प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही त्या वस्तीची आणि तिथल्या बोलीची ओळख ढसाळांकडून करून घ्यावी लागली होती. त्यातली 'माणसाने' ही कविता अनेक भाषांत गेली आहे. दिलीप चित्रे यांच्या इंग्रजी अनुवादामुळे ती भारताबाहेरही वाचली जाते. कवितेचा बहुतेक भाग विध्वंसाची यादी आहे. माणसाने काय काय करावे याची आज्ञार्थी, दम न घेणारी यादी, ज्यात नशा आहे, कत्तल आहे, संस्कृतीच्या एकूण एक पूज्य गोष्टींची मोडतोड आहे. आणि मग शेवटाकडे, सगळे जमीनदोस्त झाल्यावर, जे उरतील त्यांनी कोणाला गुलाम करू नये, वर्ण आणि जात पाळू नये, माणसाचेच गाणे गावे, असे कविता म्हणते.

काही वाचक सुरुवात वाचून घाबरतात, काही फक्त शेवट उद्धृत करून ती कविता मानवतावादी ठरवून मोकळे होतात. दोघेही अर्धी कविता वाचतात. तो शेवट त्या यादीतून गेल्याशिवाय मिळत नाही. जो माणूस इतका राग शब्दांत शेवटपर्यंत नेऊ शकतो त्यालाच 'कोणाला गुलाम करू नये' हे वाक्य शोभते. आधी आलेल्या प्रत्येक आज्ञेने त्या वाक्याची किंमत मोजलेली असते. यादी हे रूपही महत्त्वाचे. यादी लांबत जाते तशी हिंसा अतिरेकी, मग जवळपास हास्यास्पद, मग थकलेली होते. कवितेत राग खर्च होतो आणि त्या खर्चातून काही तरी विकत घेतले जाते. कवितेपुरते पाहिले तर ही हाताळणी पूर्ण आहे.

पण कवितेपुरते पाहून थांबता येत नाही, कारण मराठीत त्याच घराचे दुसरे पुस्तक आहे. मलिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मकथन १९८४ मध्ये आले. शाहीर अमर शेख यांची मुलगी, स्वतः कवयित्री, ढसाळांची पत्नी. कवीवरचे प्रेम आणि त्याच्या कवितेविषयीचा आदर न लपवता त्यांनी त्या संसारातली मारहाण, आजार, एकटेपण आणि चळवळीच्या धामधुमीत गृहीत धरले जाणे लिहिले. चळवळीच्या शत्रूंच्या हातात कोलीत दिले, अशी कुजबुज अशा पुस्तकाभोवती होणारच. मला ते पुस्तक 'गोलपिठा'चे खंडन वाटत नाही. ते त्याच्या शेजारी ठेवून वाचायचे पुस्तक आहे. व्यवस्थेवरचा राग कितीही न्याय्य असला, कवितेत कितीही नेमका असला, तरी घराचा उंबरा ओलांडताना त्याचा पत्ता बदलू शकतो. न्याय्य रागाला घरात सवलत मिळत नाही. आणि ही गोष्ट सांगण्याचा अधिकार कोणाला, या प्रश्नाचे उत्तर पुन्हा ताटीपाशीच मिळते: जिला ते लागले आहे तिला.

मलिकाबाईंचे पुस्तकही संयत नाही. वाक्ये अचानक उसळतात, स्वतःवरही उलटतात. त्यात चीड आहे तसा त्रागाही पुष्कळ आहे. शीर्षकातच तो आहे: उद्ध्वस्त व्हायचे आहे ते 'मला'. जिथे राग दुसऱ्यापर्यंत पोचवण्याच्या सगळ्या वाटा बंद होतात तिथे तो असा आतल्या दिशेने वळतो. पण असे पुस्तक लिहून छापणे ही कृती त्या त्राग्याच्या उलट जाते. पुस्तक झाले की राग पुन्हा बाहेर, योग्य पत्त्यावर निघतो.

स्वतःवर उलटणाऱ्या रागाचे काय करावे, याचे मला सर्वांत पटणारे उत्तर दया पवार यांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) सापडते. तिथे सांगणारा आहे दगडू मारुती पवार, आणि ऐकणारा आहे शिकलेला, कवी म्हणून नाव मिळवलेला दया पवार. माणूस एकच, त्याने स्वतःचे दोन भाग करून एकाला बोलायला आणि दुसऱ्याला ऐकायला बसवले. वरवर पाहता ही रचनेची एक सोय. तिने काम मात्र फार मोठे केले. दगडूला राग आहे: गावावर, जातीवर, गरिबीवर, आणि स्वतःच्या भित्रेपणावर, वासनेवर, पळ काढण्यावरही. ऐकणारा त्याला गप्प करत नाही आणि त्याची तळीही उचलत नाही. त्यामुळे लाजेच्या गोष्टीही सांगता येतात. पुस्तक आले तेव्हा आपल्याच लोकांची उणी बाहेर काढली, म्हणून समाजातूनही नाराजी आली. आज जेरी पिंटो यांच्या अनुवादातून 'बलुतं' इंग्रजी वाचकांनाही उपलब्ध आहे, आणि गमतीचा भाग असा की 'मला उद्ध्वस्त व्हायचंय'चे अनुवादकही तेच आहेत. ज्यांना मराठी येत नाही त्यांनी ही दोन पुस्तके एकापाठोपाठ वाचून पाहावीत: एकात रागाला ऐकणारा लेखकाने स्वतःतूनच निर्माण केला आहे, दुसऱ्यात तो मिळालाच नाही म्हणून वाचकाला हाक मारली आहे.

शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' या पुस्तकात जुन्या सौंदर्यकल्पना दलित साहित्याला का पुरत नाहीत याची मांडणी केली, त्याला आता पाव शतकाहून अधिक काळ झाला. ती मांडणी अभ्यासक्रमांत गेली; परीक्षणांच्या शब्दसंग्रहात मात्र फारशी उतरली नाही. रौद्ररसाचा स्थायी भाव क्रोध, हे आपण पाठ करतो. नाट्यगृहातल्या प्रेक्षकाला भीमाच्या क्रोधाचा आस्वाद घेता येतो, कारण तो क्रोध त्याच्यावर नसतो. ताराबाईंचे 'तुम्ही' किंवा ढसाळांची यादी वाचताना वाचकाला ही सोय नाही. तो राग त्याच्यावरही असू शकतो. 'संयत' या मागणीच्या मुळाशी हीच अस्वस्थता आहे, असा माझा संशय आहे: राग असू द्या, पण आम्हाला आस्वाद घेता येईल इतक्या अंतरावर.

म्हणून अशा पुस्तकांपुढे मी स्वतःसाठी तीन प्रश्न ठेवतो. हा राग कोणाला उद्देशून आहे, आणि तो तिथेच जातो का, की वाटेत दुबळ्या कोणावर निघतो? लेखकाने त्याला कोणते रूप दिले आहे: ओवी, तुलना, यादी, स्वतःशी संवाद? आणि राग सांगून झाल्यावर कोणासाठी तरी एखादे दार उघडते का, सांगणाऱ्यासाठी, ऐकणाऱ्यासाठी, निदान पुढे लिहिणाऱ्यासाठी? आवाज चढा की मंद, हा प्रश्न या तिन्हींनंतर येतो, आणि बहुतेक वेळा तोवर त्याचे महत्त्व उरलेले नसते.

'संयत' हा शब्द टाकून द्यावा असे मात्र मला वाटत नाही. तो 'यम्' धातूपासून आला आहे; आवरणे, लगाम धरणे असा त्याचा अर्थ. सारथ्याला संस्कृतात 'यंता' म्हणतात तो याच धातूवरून. लगाम उभ्या घोड्यासाठी नसतो. घोडा जोरात धावत असतो, आणि त्याला कुठे न्यायचे हे हातात लगाम धरणाऱ्याला ठाऊक असते. या अर्थाने ताराबाई शिंदे यांचे लेखन संयत आहे, आणि 'माणसाने' ही कविताही. त्यांच्याविषयी लिहिताना हे विशेषण मी आनंदाने वापरेन.